पॉडकास्टचे साधन निवडताना

महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्तेने पॉडकास्ट तयार करणाऱ्या साधनांची तुलना बहुधा आवाजाच्या गोडव्यावर होते. वास्तविक पहिला प्रश्न संहिता कोण लिहिणार, हा असायला हवा. गूगलच्या नोटबुकएलएमला कागदपत्रे दिली की सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या 'ऑडिओ ओव्हरव्ह्यू' सुविधेद्वारे ते दोन निवेदकांचा संवाद स्वतःच रचते, तर इलेव्हनलॅब्ससारख्या साधनाकडून आपण लिहिलेली संहिता हव्या त्या आवाजात वाचून घेता येते. अभ्यासाच्या टिपणांची उजळणी करायची असेल तर पहिला मार्ग सोयीचा आहे. पण शेतकऱ्यांसाठी खत-फवारणीचा सल्ला द्यायचा असेल, तर संवाद खुलवण्याच्या नादात मात्रेचा आकडा किंवा एखादी अट गळणे परवडणारे नाही, म्हणून तेथे शब्दन्‌शब्द आपल्या हाती ठेवणारे साधनच घ्यावे.

मराठीची परीक्षा तर वेगळीच. '12:32:16' हे खत साधन घड्याळातील वेळेसारखे वाचते का, जनावरांचा 'चारा' आणि संख्या 'चार' यांतील च वेगवेगळा उच्चारते का, हे पैसे भरण्यापूर्वी मोफत चाचणीत ऐकावे. संकेतस्थळावरचे नमुने (ते गुळगुळीतच असणार) त्यासाठी कुचकामी आहेत. चुकलेला उच्चार एका वाक्यापुरता दुरुस्त करता येतो की संपूर्ण भाग पुन्हा तयार करावा लागतो, हेही तपासावे. दुसऱ्याच्या आवाजाची प्रतिकृती वापरायची असल्यास त्याची लेखी संमती घ्यावी आणि निवेदन यंत्रनिर्मित असल्याचे सुरुवातीलाच सांगावे.

– एक वाचक, बारामती