तक्रार पत्र: सिंगापूर–पेनांग–फुकेत क्रूझवरील गर्दी आणि आपल्या प्रतिनिधीने आज दिलेले उत्तर

ठाणे, २७ जून २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुंबई कार्यालय

विषय: २ ते ६ जून २०२५ या काळातील चार रात्रींचा प्रवास, जहाजावरील असह्य गर्दी, फुकेतला उतरता न येणे आणि आजच्या दूरध्वनीवरील अपमान.

महोदय,

आज सकाळी अकरा वाजता आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे चौथे बोलणे झाले. पाचवे होणार नाही. जे सांगायचे आहे ते आता लेखी सांगते, म्हणजे "तशी नोंद आमच्याकडे दिसत नाही" हे उत्तर मला पुन्हा ऐकावे लागणार नाही.

जहाज किती मोठे आहे, त्यावर काय काय आहे, हे मी इथे लिहीत नाही. ते आपलेच आहे आणि आपल्याला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माझी तक्रार नेमकी त्याच ठिकाणी सुरू होते. त्या आठवड्यात जहाजावर किती माणसे चढणार, नाश्त्याच्या हॉलमध्ये खुर्च्या किती, लिफ्ट किती, फुकेतला किनाऱ्यावर नेणाऱ्या बोटी किती, हे सारे आकडे आपल्याजवळ होते. गर्दी झाली असे आपले प्रतिनिधी चार वेळा म्हणाले. गर्दी झाली नाही, ती आपण तिकिटे विकून केली.

क्रूझच्या धंद्यात एका खोलीत दोन माणसे धरून जहाज शंभर टक्के भरले असे मानतात आणि तिसरी-चौथी खाट विकली गेली की हा आकडा शंभराच्या वर जातो, हे मला परत आल्यावर कळले. आमच्याच खोलीत छतातून खाली ओढायच्या दोन खाटा होत्या, त्यांवर माझे यजमान आणि मुलगी झोपली आणि त्या खाटांचे पैसे आपण घेतलेत. सिंगापूरच्या शाळांना ३१ मेपासून सुट्टी लागली होती आणि महाराष्ट्रातील बहुतेक शाळा १६ जूनला उघडणार होत्या, म्हणजे दोन्हीकडची मुले त्या एकाच आठवड्यात मोकळी होती आणि खोल्याखोल्यांतून त्या वरच्या खाटा उघडल्या जाणार हे वेगळे सांगायची गरज नव्हती. खाटा वाढल्या, खुर्च्या, लिफ्ट आणि बोटी तेवढ्याच राहिल्या. आरक्षण करताना मी आपल्या कार्यालयात "गर्दी कितपत असते?" असे स्पष्ट विचारले होते. "जहाज इतकं मोठं आहे मॅडम, माणसं जाणवतही नाहीत," असे मला सांगण्यात आले होते.

माझी आई शहात्तर वर्षांची आहे. वडिलांची सारी नोकरी मुंबईच्या गोदीत गेली. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांची नावे ते घरी येऊन सांगत आणि आम्ही बॅलार्ड पिअरच्या कुंपणाबाहेरून ती जहाजे पाहत असू. ते असताना आत पाऊल टाकायचा योग आला नाही. ते गेल्यावर आईने एकदाच बोलून दाखवले की, एकदा मोठ्या जहाजात बसून बघायचे आहे. २०१७ साली आपल्याच कंपनीच्या एका लहान जहाजावर मी आणि यजमान गेलो होतो, तो अनुभव इतका चांगला होता की या वेळी दुसऱ्या कोणत्याही कंपनीकडे चौकशीसुद्धा केली नाही. त्या भरवशावर दोन लाख अडतीस हजार रुपये भरले.

पहिल्या दिवशी मरीना बे क्रूझ सेंटरवर आम्हाला दुपारी दीडची वेळ दिली होती. आम्ही सव्वा वाजता पोहोचलो आणि चार वाजून गेल्यावर जहाजात शिरलो. ते मी सोडून देते. पेनांगला जहाज थेट स्वेटनहॅम धक्क्याला लागते आणि जॉर्ज टाउन समोरच असते, त्यामुळे पाऊण तासाच्या रांगेनंतर का होईना उतरता आले. तेही सोडून देते. नाटकगृहातील चारही रात्रींचे कार्यक्रम आम्ही जहाजावर चढण्याआधीच भरून गेले होते, हे मात्र निदान तिकीट देताना सांगायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता मी विसरणार नाही. सव्वाआठला आम्ही वर गेलो. आईने वाडग्यात दहीभात आणि शेजारी केळे घेतले आणि ते ताट दोन्ही हातांत धरून ती बसायला जागा शोधू लागली. प्रत्येक टेबलामागे पुढचे कुटुंब उभे, खाणाऱ्याच्या शेवटच्या घासाकडे बघत. वीस मिनिटे ती तशी ताट घेऊन फिरली. तिचा उजवा गुडघा दुखरा आहे, तो दुखू लागला की ती पदराचे टोक ओठांत धरते, आणि ते मला हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसले, पण मधल्या माणसांतून तिच्यापर्यंत पोहोचता येईना. शेवटी आपल्याच एका वाढप्याने, वेंगुर्ल्याकडच्या मुलाने, कुठून तरी एक खुर्ची आणली आणि म्हणाला, "आजी, हय बसा तुम्ही, ताट मी धरतंय." दोन मिनिटांत त्याचा वरिष्ठ येऊन त्याला सर्वांसमोर बोलला, कारण खुर्ची वाटेत येत होती. वाट मोकळी ठेवायला हवी, हे मला मान्य आहे. पण त्या वाटेशिवाय दुसरी जागाच उरली नव्हती, याचा जाब त्या मुलाला विचारायचा नव्हता. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपले कर्मचारी दिवसभर हसतमुखाने राबत होते, त्यांच्याविरुद्ध या पत्रात एक अक्षर नाही. आई तो दहीभात दोन मजल्यांमधल्या जिन्याच्या पायरीवर बसून जेवली.

त्या पायरीवर ती जे बोलली ते आपल्यापर्यंत पोहोचावे असे मला वाटते. लग्नानंतर ती कित्येकदा भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने गावी गेली आहे. ती म्हणाली, "तेव्हाही अशीच खेचाखेच असायची गं, पण डेकवर वळकटी टाकण्यापुरती जागा मिळायची. आणि कुणी सांगितलं नव्हतं की चैनीला चाललोय म्हणून."

आता फुकेतविषयी. ४ जूनला जहाज पातोंगसमोर समुद्रात नांगर टाकून उभे राहिले आणि तिथून लहान बोटींनी किनाऱ्यावर जायचे होते. सकाळी नऊ वाजता आम्हाला नाटकगृहात बसवून प्रत्येकाला क्रमांकाची गोल चिकटपट्टी दिली. आमचा क्रमांक २७. आईने ती पट्टी खांद्यापाशी पदरावर लावली आणि हाताने दाबून घट्ट बसवली. आधी आपल्याकडून सहल विकत घेतलेले प्रवासी गेले, मग प्राधान्याचे जादा पैसे भरलेले गेले, मग क्रमांक सुरू झाले. पावणेएकला २७ पुकारला. खालच्या मजल्यावर जायला लिफ्ट मिळेना, म्हणून आई कठडा धरून जिने उतरली. खाली पोहोचलो तर २१ क्रमांकाचीच माणसे अजून उभी होती. बोटीत शंभर-सव्वाशे माणसे मावतात आणि एका फेरीला किती वेळ लागतो हे आपल्याला माहीत आहे. मग पुढचे लोक हललेले नसताना २७ पुकारला कशासाठी? पन्नास मिनिटे आम्ही त्या कोंदट मार्गिकेत उभे होतो. आई पुन्हा जिन्याच्या पायरीवर बसली. मग घोषणा झाली की, लाटा वाढल्यामुळे बोटी थांबवल्या आहेत, सर्वांनी वर जावे. तीन वाजता फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, पण शेवटची परतीची बोट पाचची होती. आईने जायला नकार दिला. ती फुकेतला उतरलीच नाही.

लाटा उसळत असताना बोटी थांबवल्या, ते योग्यच केलेत. पण जूनमध्ये तिथे लाटा उसळतात ही बातमी नव्हे. जो नैऋत्य मोसमी वारा आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर येतो, तोच फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावरही आदळतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि आमच्याकडचा कोळी परंपरेने नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी दर्यात लोटत नाही. जे कोळ्याला कळते ते जून महिन्याचे वेळापत्रक आखणाऱ्या कंपनीला कळत नसेल, हे मी मानणार नाही. निदान सहलीच्या पत्रकात एक ओळ असती, तर मी आईला नीट समजावून सांगितले असते.

पहिल्या दिवशी सुरक्षा सराव झाला तेव्हा आमच्या प्रत्येकाच्या कार्डावर जमण्याच्या जागेचे अक्षर छापलेले होते. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारापासून समुद्रावरचे हे नियम घडत आले आहेत आणि जहाजावरच्या प्रत्येक माणसाला जीवनौकेत किंवा तराफ्यात जागा असावीच लागते. म्हणजे माणसे मोजता येतात. आपण ती मोजलेली होती. कायद्याने सक्ती केली तिथे आईची जागा मोजून ठेवली. सक्ती नव्हती तिथे ती ताट घेऊन फिरली.

आता आजच्या फोनविषयी. हे मी सविस्तर लिहिते, कारण बाकीचे सारे मी कदाचित विसरले असते. आपले प्रतिनिधी मराठीतच बोलत होते आणि माझा फोन स्पीकरवर होता. आई समोर तांदूळ निवडत बसली होती.

मी जिन्याचा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, "मॅडम, जहाज पूर्ण भरलेलं होतं, त्यामुळे थोडी गर्दी असणारच." मी विचारले, "पूर्ण भरणार हे तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी बघून सांगितले, "मार्चअखेरच फुल होतं." मी म्हटले, "मग मार्च ते जून आम्हाला एका शब्दाने कळवलं का नाही?" ते म्हणाले, "तशी पॉलिसी नाहीये." नंतर म्हणाले, "बाकी कुणाची तक्रार नाहीये, मॅडम." मी म्हटले, बाकीच्यांचे मला माहीत नाही, मी माझ्या आईविषयी बोलते आहे. त्यांनी विचारले, "आजींचं वय काय?" मी सांगितले. क्षणभर थांबून ते म्हणाले, "मग मॅडम, या वयाच्या व्यक्तीला एवढ्या मोठ्या जहाजावर आणायचा निर्णय तुमचाच होता ना?"

आईचा हात ताटातच थांबला. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती म्हणाली, "ठेव गं फोन. माझंच चुकलं. मीच म्हणाले होते, येते म्हणून."

त्यावर मी काही बोलण्याआधी आपल्या प्रतिनिधींनी तीस दिवसांत नवे आरक्षण केल्यास दहा टक्के सवलत देऊ केली.

आरक्षणाच्या अर्जात आपण आईची जन्मतारीख विचारली होती. ती वाचून कुणी थांबवले नाही, कुणी सावध केले नाही. भाडे पूर्ण घेतले, रोजची सेवा-बक्षिसी तिच्या नावावर वेगळी लावली आणि आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर पांढऱ्या केसांचे एक जोडपे कठड्याला टेकून हसताना छापले आहे. दोन महिने आधी जहाज भरलेले ठाऊक असताना आपण गप्प राहिलात आणि आता दोष तिच्या वयाचा. ही गोष्ट मी दुसऱ्यांदा लिहिते आहे, कारण चारही फोनमध्ये तिचे उत्तर मिळालेले नाही.

त्या प्रवासात जहाजावर प्रत्यक्ष किती प्रवासी होते, नाश्त्याच्या हॉलमध्ये किती जणांची बसायची सोय आहे आणि ४ जूनला किती बोटी चालवल्या, हे मला लेखी कळवावे. आईचे पूर्ण भाडे परत करावे, तसेच फुकेतला न उतरलेल्या उरलेल्या तिघांचे त्या बंदराचे शुल्कही द्यावे. तिला सोडून आम्हीही गेलो नाही. दहा टक्क्यांची सवलत मला नको आहे. आजच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे, त्याची मागणी मी पुढे करणार आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीसाठी मी तक्रार दाखल करीन. या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे आपले मुख्य कार्यालय कुठे आहे याने काही अडत नाही. ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग मला घरापासून जवळ आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क पडत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी निवृत्त शिक्षिका आहे, माझ्याजवळ वेळ आहे.

प्रवासाच्या पावत्या, चौघांची जहाजावरची कार्डे आणि आईच्या साडीच्या खांद्यावर २७ क्रमांकाच्या पट्टीचा जो डाग राहिला आहे त्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. दोनदा धुऊनही तो गेलेला नाही.

आजच्या वाक्याबद्दलचा माफीनामा माझ्या नावे पाठवू नये. तो आईच्या नावे, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत पाठवावा. तिच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, पण स्वतःला आलेली पत्रे ती स्वतःच वाचते.

आपली,
तक्रारदार प्रवासी