आपा, ती कोरी जागा अजून तशीच आहे

आदरणीय आपा,

सादर नमस्कार.

पत्र लिहिणार आहे म्हटल्यावर तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "नाम नक्को डाल." म्हणून नाव लिहीत नाही. पण पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे. सोलापुरात इतिहास घेऊन एम.ए. करणारी मुलं मला विचारतात, "ताई, फारसी कुठं शिकलीस?" इतकी वर्षं मी "एका बाईंकडे" असं मोघम सांगत आले. ते मला आता पुरेसं वाटत नाही.

गेल्या महिन्यात माझा प्रबंध मान्य झाला. ही बातमी तुम्हाला आईकडून आधीच कळली होती. तुम्ही फोन करून पहिला प्रश्न विचारलात तो "जेवलीस का?" हा. तुमच्या त्या प्रश्नानं मला रडू आलं आणि जे बोलायचं होतं ते राहून गेलं. ते आज लिहिते.

बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा घरात कुणी हरकत घेतली नाही. पुढं मध्ययुगीन घ्यायचं ठरवलं आणि एका मुलाखतीला गेले. समोरच्यांनी विचारलं, फारसी येते? नाही. उर्दू तरी? नाही. "मग मध्ययुग घेऊन करणार काय?" कुणाचा आवाज चढला नव्हता. पण बाहेर आले तेव्हा हातातली फाइल जड वाटत होती, आणि एसटीत खिडकीकडं तोंड करून मी अख्खा रस्ता रडत आले.

प्रश्न बोचला तरी खोटा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. 1347 मध्ये बहामनी राज्य उभं राहिलं, गुलबर्गा राजधानी झाली, आणि 1686 मध्ये औरंगजेबानं विजापूर घेतलं. मधली ही सव्वातीनशेहून जास्त वर्षं आपल्या भागाच्या दरबारी कागदावर फारसी होती. आपला सोलापूरचा भुईकोट किल्लाच घ्या. बहामनी काळातला. पुढं त्याच्यावरून विजापूर आणि अहमदनगर पिढ्यान्‌पिढ्या भांडले. 1524 मध्ये आदिलशाही घरातली मुलगी निजामशाहीत दिली तेव्हा सोलापूर हुंड्यात द्यायचं ठरलं, ते दिलं गेलं नाही, आणि त्यातून लढाया लागल्या. शेवटी निजामशाहीतली चांदबीबी अली आदिलशहाला दिली तेव्हा किल्ला उलट विजापूरकडं गेला. हे सगळं सांगणारा इतिहासकार फरिश्ता विजापूरच्या दरबारात बसून लिहीत होता, फारसीतच. मी सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर वाढलेली मुलगी. रोज दिसणाऱ्या तटाची गोष्ट मला दुसऱ्याच्या भाषांतरातूनच वाचता येत होती.

आईनं त्या रात्री काही समजूत घातली नाही. तुमच्या ओढण्यांना पिको करून द्यायला ती दर महिन्याला तुमच्याकडं यायची. दुसऱ्या दिवशी ओढण्यांच्या पिशवीबरोबर तिनं मलाही आणलं. उर्दू शाळेतून निवृत्त होऊन तुम्हाला तीन वर्षं झाली होती. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आईकडं बघितलंत आणि म्हणालात, "जोहर की नमाज के बाद आ जा. रोज." जोहर म्हणजे दुपारची नमाज. फीचं आईनं काढलं तेव्हा तुम्ही तिला वाक्य पुरं करू दिलं नाहीत. तेव्हापासून आईनं तुमच्या शिवणाचा पैसा घेतला नाही. तुम्ही दोघी त्याबद्दल कधी बोलला नाहीत, पण मला दिसत होतं.

पहिले सहा महिने कागद म्हणून काही दाखवलाच नाहीत. पाटी. त्यावर अलिफ, बे, पे, ते, से. मला घाई होती, फर्मानं वाचायची होती. तुम्ही मात्र एका 'बे'च्या वाटीवर अर्धी दुपार घालवायचात. वाटी उथळ झाली की पुसायला लावायचात. खालच्या मजल्यावर मागांचा खडखडाट चालू असायचा, त्यात तुमचा आवाज मला नीट ऐकू यायचा नाही, म्हणून तुम्ही ओठांवर बोट ठेवून उच्चार दाखवायचात. वीज गेली की माग थांबायचे, गल्ली एकदम शांत व्हायची, आणि तुम्ही म्हणायचात, आता मोठ्यानं वाच. सोलापूरकरांना वीज गेल्याचा त्रास होतो. मला आजही अचानक माग थांबले की काहीतरी वाचायला घ्यावंसं वाटतं.

मग तुम्ही कपाटातून तो कोश काढलात. माधवराव पटवर्धन, म्हणजे आपले कवी माधव जूलियन, यांचा 1925 चा फार्शी-मराठी कोश. मुखपृष्ठ सुटलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, आतल्या पानांवर तुमच्या वडिलांच्या हातच्या खुणा. मराठीत फारसीचा असा कोश आहे हे मला एका उर्दू शाळेच्या आपांनी सांगितलं. तो तुम्ही मला घरी नेऊ दिलात. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून, दप्तरात न ठेवता हातात धरून नेला होता. 'दप्तर' शब्द त्याच रात्री त्यात बघितला. अर्ज, वकील, जमीन, हजर, तारीख. आमच्या घरातली अर्धी भाषा त्या पानांत सापडत होती. दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात की येणं-जाणं दोन्हीकडून झालं. तुमचं 'नक्को' आमच्या 'नको'वरून आलं, आणि 'वैसाच', 'अब्बीच' मधला 'च' तर सरळ मराठीतला. दख्खनी बोलताना रोज मराठी बोलतोच की आम्ही, असं म्हणून तुम्ही चहा ओतलात.

आता ती दुपार. ती मी कुणालाच नीट सांगू शकलेले नाही.

एका आदिलशाही कागदाचा फोटो मी आणला होता. वरती फारसी, खाली तोच मजकूर मोडीत. असे दोन भाषांतले कागद आपल्या भागात पुष्कळ आहेत. पहिल्या इब्राहिम आदिलशहानं सोळाव्या शतकातच महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावले होते, कारण गावचा कारभार ज्यांच्या हातात होता त्यांची भाषा ती होती. मोडी मी वर्गात शिकले होते. पण फोटोत खालचा भाग घडीवर फाटलेला, म्हणून मी वरचाच वाचत होते. अक्षर शिकस्ता, म्हणजे धावतं, मोडलेलं, नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गाळलेलं. मी भरभर वाचत गेले. रयतेनं हुजुरात येऊन सांगितलं की अमुक माणसाकडून खबर होते.

"किसकी खबर?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, लिहिलंय तसं.

"लिखा है या तुझे लगा?"

तुम्ही पाटी घेतलीत. खबर आणि जब्र दोन्ही लिहिलेत, नुक्ते न देता. दोन्ही शब्द हुबेहूब एकच झाले. एक नुक्ता वर दिलात, खबर. पुसून तो पोटात दिलात, जब्र. म्हणजे जुलूम, बळजोरी. मग फाटलेल्या मोडी भागावर भिंग धरायला लावलंत. तुम्हाला मोडी येत नव्हती, वाचायचं मला होतं. मोडीत आधी ओळ ओढतात आणि अक्षरं तिला लोंबकळत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत. मी एकेक अक्षर सोडवत गेले आणि फाटलेल्या कडेला येऊन थांबले. 'जोरावरी करितो' असं होतं. रयत बातमी द्यायला आली नव्हती. दाद मागायला आली होती. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी उन्हातून चालत जाऊन केलेली तक्रार मी एका नुक्त्यात पुसून टाकत होते.

तुम्ही रागावला नाहीत. फक्त म्हणालात, "अंदाज से नक्को पढ, बेटी. जो नहीं लगा, वो खाली छोड."

त्या दिवसापासून माझ्या वहीत न लागलेल्या शब्दाला कोरी जागा असते. तिच्यात मी पेन्सिलीनंही काही लिहीत नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी तुम्हाला एक गोष्ट सांगू शकले, तो दिवसही लिहायलाच हवा. मराठी कागदांवर सुहूर सन असतो, आणि आकडे अरबी शब्दांत. अहद, इसन्ने, सलास, अर्बा, खमस हे आकडे तुम्हाला लहानपणापासून पाठ. 'खमस सबैन अलफ' मी वाचलं आणि तुम्ही लगेच सांगितलंत, पाच, सत्तर, हजार. एक हजार पंच्याहत्तर. पाच आधी, सत्तर मागून, जसं आपण पंच्याहत्तर म्हणतो तसंच. पण हे साल हिजरीत बसेना, म्हणून तुम्ही चष्मा काढून ठेवलात. मी म्हटलं, आपा, हे चंद्राचं नाही, सूर्याचं आहे. मृग लागला की हे वर्ष बदलतं. मृगसालच म्हणतात त्याला. मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे 1674, शिवरायांच्या राज्याभिषेकाचं साल. आकडे अरबस्तानातले आणि वर्षाची सुरुवात आमच्या आजोबांच्या पेरणीची. तुम्ही ते दोनदा बोलून बघितलंत आणि तुमच्या वहीत उतरवून घेतलंत. शिक्षक आपल्याकडून शिकून वहीत लिहून घेताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

विद्यापीठानं मला पुष्कळ दिलं, ते मी विसरणार नाही. तिथं कालखंड, साधनं, कलेचा इतिहास रीतसर शिकले. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर आम्हाला नेलं. तिथला शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख आनंद कुंभार यांच्यासारख्या सोलापूरच्याच संशोधकानं उजेडात आणला. 'वाछि तो विजेया होइवा.' जो वाचील तो विजयी होवो. घरी आल्यावर तुम्हाला ऐकवलं तर तुम्ही म्हणालात, ही तर वाचणाऱ्यासाठी दुआ आहे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या मराठीला याहून चांगला अर्थ मला कुणी सांगितला नाही. सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर यांची कन्नड वचनं समजून घ्यायला मला शेजारच्या अक्कांकडं बसवलंत ते तुम्हीच. सोन्नलगीचा, म्हणजे जुन्या सोलापूरचा, अभ्यास करायचा आणि कन्नड नाही, हे कसं चालेल, म्हणालात. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज जाताना आता मला निदान थोडं तरी कळतं.

आणि विजापूर. सकाळच्या गाडीनं होटगीवरून गेलो. डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी. गुडघे दुखत असताना तुम्ही इब्राहिम रोज्याचा चौथरा चढलात. गोल घुमट लोक बघतात, आवाज घुमवून येतात. तुम्हाला मला खिडक्या दाखवायच्या होत्या. तिथल्या दगडी जाळ्या म्हणजे अक्षरं आहेत, पाषाण कोरून अक्षरं उभी ठेवलीत आणि मधल्या फटींतून उजेड येतो. मी वास्तुकलेच्या पुस्तकात त्यांचे फोटो बघितले होते, नक्षी म्हणून. तुम्ही कबरीजवळच्या गारव्यात बसलात आणि हवेत बोट फिरवून एकेक वळण मला वाचून दाखवलंत. हा अलिफ, हा लाम, इथं जागा पुरेना म्हणून कारागिरानं मीम वर उचललाय. ज्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ती कबर, त्याच्या दख्खनी गीतांत सरस्वती आणि गणपती येतात, हे तुम्ही तिथंच सांगितलंत. परत येताना गाडीत तुम्ही झोपलात आणि मी तुमची चप्पल पायाशी सरकू नये म्हणून धरून बसले होते.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंधाचं परिशिष्ट उघडलं. मी वाचलेल्या कागदांच्या प्रती त्यात आहेत, आणि त्यांत कोऱ्या जागा आहेत. त्यांनी बोट ठेवून विचारलं, इथं संदर्भानं शब्द बसवता आला असता, का नाही बसवला? मला पाटी दिसली. मी म्हटलं, माझ्या शिक्षिकेनं शिकवलंय की लागला नाही तर कोरा ठेवायचा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, कुठल्या विद्यापीठात होत्या? मी म्हटलं, सोलापुरात, उर्दू प्राथमिक शाळेत.

आपा, आईनं सांगितलं की तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचू नका म्हटलंय. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी येते. जोहरनंतर. तुम्ही डोळे मिटून पडा, मी मोठ्यानं वाचते. कोशाला नवी बांधणी करून घेतली आहे, वडिलांच्या खुणांची पानं जशीच्या तशी ठेवून. तोही आणते. आणि त्या फाटलेल्या कागदाचा नवा, स्वच्छ फोटो मिळालाय. 'जोरावरी'च्या पुढच्या ओळीत एक शब्द आहे, पाच वर्षं झाली, मला लागत नाही. तिथं जागा सोडली आहे.

बहुत काय लिहिणे. लोभ असावा.

तुमची विद्यार्थिनी