बाळ रडलं होतं, तरीही...

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला सेरेब्रल पाल्सीवरचा, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्यावरचा, लेख वाचून संताप आला. ‘बाळ जन्मतः रडलं नाही, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला’ एवढ्यावर कारणं संपली आणि शेवटी गरोदर बाईने स्वतःला जपावं, हा सल्ला. म्हणजे खापर पुन्हा आईवरच!

माझी नात जन्मताच खणखणीत रडली. पूर्ण दिवसांची, वजन पावणेतीन किलो. दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं. आधी डोळे पिवळे, मग पोट, मग तळपाय. दवाखान्यात फोन केला तर म्हणे, ‘कावीळ बहुतेकांना होते, कोवळं ऊन दाखवा.’ पुण्यात आषाढात ऊन आणायचं कुठून? पोर दूध ओढेना, मान मागे टाकून कर्कश रडू लागली, तेव्हा दुसरं रुग्णालय गाठलं. तिथे निळ्या दिव्याखाली ठेवलं, रक्त बदललं. पण तोवर बिलिरुबिनने, म्हणजे काविळीत रक्तात साठणाऱ्या पिवळ्या द्रव्याने, मेंदूला इजा केली होती. हीच तिची सेरेब्रल पाल्सी. सुनेचा रक्तगट ओ, बाळाचा बी. अशा बाळावर काविळीसाठी बारीक लक्ष ठेवायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आज नातीचे हात तिच्या मनाविरुद्ध वळतात, ऐकू कमी येतं. समज मात्र पक्की आहे. पत्ते खेळताना माझी लबाडी लगेच पकडते.

सुनेला अजून विचारतात, ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का?’ तुमच्या लेखाने अशांना आणखी बळ मिळतं.

प्रसूतीला दोष देण्याची रीत या आजारावर लिहिणारे इंग्लंडचे डॉ. लिटल यांच्यापासूनची, १८६१ सालची. १८९७ मध्ये, पुढे मनोविश्लेषणासाठी गाजलेल्या डॉ. फ्रॉइड यांनीच शंका घेतली होती, की अवघड प्रसूती हे आधीच्या बिघाडाचं लक्षणही असू शकतं. बहुतेक मुलांमध्ये मूळ जन्माआधीचं असतं, हे आता डॉक्टरही सांगतात. अपुऱ्या दिवसांचं बाळ, कमी वजन, जुळी, गरोदरपणातला रुबेला (जर्मन गोवर), जन्मानंतरचा मेंदूज्वर, यातलं एकही तुमच्या लेखात नाही.

पुढच्या पुरवणीत एवढं तरी ठळक छापा: पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, पिवळे तळपाय, दूध न ओढणारं सुस्त बाळ, उन्हाची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासा.

आणि लिहितेच आहे तर, कर्वे रस्त्याच्या पदपथांवर लावलेल्या दुचाकींचा फोटोही एकदा छापा. नातीला थेरपीला नेताना व्हीलचेअर भर रहदारीतून ढकलावी लागते.

आपली,
एक आजी, कर्वेनगर, पुणे