पोकेइराच्या दरीतल्या आमच्या दुभाषीबाईंना

प्रिय दुभाषीबाई,

हे नाव आमच्या ग्रूपने पहिल्याच दिवशी ठेवलं आणि तूही हसून ओ दिलीस, म्हणून पत्रातही तेच. स्पेनमध्ये ग्रॅनडात शिकणारी मराठी मुलगी सोबत असेल एवढंच आम्हाला सांगितलं होतं. विमानतळावर नावाची पाटी धरायला आणि हॉटेलात चहा मागायला कोणीतरी असेल, अशी आमची समजूत.

टूर कंपनीच्या कागदावर पांपानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही तिन्ही गावं एका सकाळीत उरकायची होती. उतरा, फोटो काढा, चिंध्यांचे गालिचे घ्या, बसमध्ये बसा. तू कोऑर्डिनेटरशी काय बोललीस देव जाणे, पण आम्हाला अख्खा दिवस मिळाला. चढणीच्या गल्लीत आमच्या काकूंचा गुडघा धरला, तेव्हा तू बाकीच्यांना पुढे पाठवून त्यांच्याजवळ पायरीवर बसलीस. त्या अजून सांगतात, ‘तासभर माझी बडबड ऐकली पोरीनं, एकदा घड्याळ बघितलं नाही.’

पण खरे आभार कापिलेइराच्या वरच्या त्या पाटाजवळच्या दुपारचे. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर मुस्लिम राजवटीपासून पाटांचं जाळं आहे, हे आमच्या माहितीपत्रकात एका ओळीत होतं. तू थेट पाणी सोडणाऱ्या आजोबांनाच गाठलंस. खांद्यावर कुदळ, पायात गमबूट. त्यांनी वाकून एक फरशीचा तुकडा आणि मातीचं ढेकूळ सरकवलं, आणि पाणी शेताकडे वळलं. वसंतात वितळलेल्या बर्फाचं पाणी उंचावरच्या मुरमाड जागी मुद्दाम जिरवायचं, म्हणजे ते डोंगराच्या पोटातून सावकाश झिरपत खालच्या झऱ्यांना उन्हाळ्यात येतं, हे त्यांनी सांगितलं आणि तू वाक्यावाक्याला मराठीत आणलंस.

आमचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले साहेब तोवर गप्प होते. ते एकदम पुढे सरसावले. पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड पद्धत, पाळीपाळीने मिळणारं पाणी, ते वाटणारा पाटकरी, रात्री राखण करणारा जागल्या, सगळं त्यांनी सांगायला घेतलं. दुसरा कोणी दुभाषी असता तर ‘ते म्हणतायत भारतातही असंच असतं’ म्हणून मोकळा झाला असता. तू पाटकरी म्हणजे काय ते विचारून घेतलंस, मग आजोबांना समजावलंस, आणि त्यांचे उलट प्रश्नही आमच्याकडे आणलेस. पाणी चोरलं तर काय करता? पाटकऱ्याला पैसे देता की धान्य? आम्ही बघे होतो, त्या तासाभरात पाहुणे झालो.

घरांचंही तसंच. सपाट छपरांवरची ती निळसर राखाडी, पाणी न झिरपू देणारी माती बघून मी म्हणाले, ही तर आमच्या खानदेशातली धाब्याची घरं! तू नुसती मान डोलावली नाहीस. १५६८ साली मोरिस्कोंनी, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या इथल्या मुसलमानांनी, बंड केलं, ते चिरडून त्यांना हाकलून दिलं, मग उत्तरेकडून माणसं आणून इथे वसवली, आणि पाटांची माहिती असावी म्हणून गावागणिक दोन मोरिस्को कुटुंबं ठेवून घेतली असं लोक सांगतात, हे सगळं तू त्या छपरांकडे बोट दाखवत सांगितलंस. घालवून दिलेल्यांच्याच कारागिरीवर नंतरच्यांनी चार शतकं काढली. त्या गोड पांढऱ्या गावांकडे त्यानंतर मला नुसत्या कौतुकाने बघवेना, आणि तेच बरं झालं.

जेवणाचं काय सांगू! त्रेवेलेस म्हणजे हॅमचं गाव, छताला तंगड्या टांगलेल्या, आणि आमच्यात निम्मे शाकाहारी. तिकडे भाजीतही हॅम घालतात आणि वर त्यात मांस नाही म्हणतात. तू स्वयंपाकघरात शिरून भरपूर ऑलिव्ह तेलात बटाटे, कांदा आणि ढोबळी मिरची वेगळ्या तव्यावर करवून घेतलीस. मालकीणबाईंचा चेहरा पडला होता, पण आमच्या ताटल्या पुसून निघालेल्या बघून खुलला.

पांपानेइराच्या झऱ्याचं पाणी लग्नाच्या इच्छेने प्यायलं की जोडीदार मिळतो, असं तिथल्या फरशीवर लिहिलंय म्हणालीस. साठी ओलांडलेल्या आमच्या ब्रह्मचारी भाऊंनी बाटली भरून आणली आहे. प्रगती नाही. आणि १९९४ च्या ३१ डिसेंबरला वीज गेली म्हणून तेव्हापासून ऑगस्टमध्ये नवीन वर्ष साजरं करणारं ते बेर्चुलेस गाव! ते ऐकल्यावर बसमध्ये जो हशा पिकला, त्यात आमचा प्रवासाचा शीण कुठल्या कुठे गेला.

आता एक काम. साहेबांनी फडाचा नकाशा हाताने काढून पाठवला आहे, तो सोबत आहे. आजोबांना दाखव, आणि त्यांच्याकडे एका शेताची पाळी किती तासांची असते ते विचारून कळव. तेवढं विचारायचं राहिलं म्हणून साहेब रोज फोन करतात. काकूंसाठी आणलेल्या मलमाचे पैसे तू घेतले नाहीस, तेही लक्षात आहे. भारतात येशील तेव्हा आधी धुळ्याला ये.

तुझी,
खानदेशी मावशी
(आणि अख्खा ग्रूप)