लाइट येईपर्यंत

पुणे
मंगळवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

वादळाने बंद पडलेले फोनचे टॉवर कधी सुरू होतील ते सांगता येत नाही, म्हणून टेम्पोबरोबर सामान आणि हे पत्र पाठवते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. बाबा, आधी सगळं वाचा, मग खोकी उघडा.

लाइट दोन-चार दिवसांत येईल असं धरून काही करू नका. महावितरणचं काम वरून खाली येतं. आधी उपकेंद्राला येणारी ३३ केव्हीची लाइन, मग तिथून निघणारे ११ केव्हीचे फीडर. त्यातही दवाखाना आणि नळपाणी योजना आधी. मग वाडीचा ट्रान्सफॉर्मर आणि सगळ्यात शेवटी घरांकडे जाणारे खांब. आपलं घर शेवटच्या खांबावर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या कितीतरी वाड्यांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले, ते यामुळेच. आगरातून जाणाऱ्या लाइनीवर माड-पोफळी आडव्या पडल्या की त्या तोडून हलवल्याशिवाय नवा खांब उभा करता येत नाही. तेव्हा तीन आठवड्यांच्या हिशेबाने चाला. आधी आली तर बरंच.

आज मेन स्विच खाली करा आणि तसाच ठेवा. आगरात पडलेल्या तारेजवळ कोणी जायचं नाही, गावभर अंधार असला तरीही. कारण एखाद्याने जनरेटर आणून त्याची वायर सरळ घरातल्या प्लगमध्ये खुपसली, तर ती वीज उलटी लाइनीत जाते. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे पुन्हा ११,००० करतो आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो. शेजारी जनरेटर आणणार असतील तर त्यांना स्पष्ट सांगा: लाइन आणि जनरेटर एकमेकांना जोडले जाऊ न देणारा चेंजओव्हर स्विच बसवा, नाहीतर फ्रिज-पंप एक्स्टेन्शनने थेट जनरेटरलाच जोडा. आणि जनरेटर पडवीत ठेवायचा नाही. घरापासून २० फूट लांब, खिडक्यांकडे धूर येणार नाही असा. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आपल्याला जनरेटर नको असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्रोलसाठी रांगेत उभं कोण राहणार?

पाणी. १ एचपीचा पंप आपल्या इन्व्हर्टरवर चालत नाही. सुरू होताना तो नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, बघायलाही लावू नका. माळ्यावरचा रहाट काढून कण्याला तेल द्या, लाकडाला चीर नाही ना ते पाहा. नवा दोर पाठवला आहे. बाबा, ओढायचं तुम्ही नाही. समोरच्या घरातल्या मुलाला सांगा आणि त्याला पैसे द्या, नको म्हणाला तरी द्या.

विहिरीत पालापाचोळा पडला असणारच. आधी तो जाळीने काढून टाका, नाहीतर टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, सगळा जोर पाल्यावरच खर्च होतो. प्रमाण १,००० लिटरला अडीच ग्रॅम. आपल्या विहिरीचा व्यास ३ मीटर. पाणी ४ मीटर असेल तर साधारण २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. पाणी गढूळ दिसलं तर दुप्पट घ्या. पावडर कोरडी विहिरीत फेकू नका, ती तळाला जाऊन बसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. उरलेला चुना लांब टाका, विहिरीत गेला तर पाणी जड होतं. हे रात्री केलं की सकाळपर्यंत पाणी वापरायला तयार. निदान एक तास तरी थांबायलाच हवं. पावडर नाकाला झोंबत नसेल तर ती मेलेली आहे, ग्रामपंचायतीतून ताजी मागा. आई, पिण्याचं पाणी तरीही उकळ. खळाखळा उकळी फुटल्यावर मिनिटभर पुरे, उगाच गॅस जाळू नकोस. आंघोळीचं पाणी चुलीवर. नारळाची सोडणं आणि माडाची वाळलेली चुडतं यंदा भरपूर आहेत.

आता बॅटरी. १५० एएच (अँपिअर-अवर) गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १,८०० वॉट-अवर, पण त्यातलं निम्मंच वापरायचं. त्याखाली रोज उतरवली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी वर्षभरात बसते. इन्व्हर्टरचा तोटा धरून हातात ७५० उरतात. ९ वॉटचे तीन दिवे, नवा पंखा ३० वॉट, इन्व्हर्टर स्वतः खातो ते १५: रात्रीचे दहा तास निघतात. माजघरातला जुना पंखा ७५ वॉटचा आहे, तो लावलात तर सहा तासांत संपेल. दिवसा इन्व्हर्टरचं बटणच बंद ठेवा.

बॅटरी भरायला १६५ वॉटचं सोलर पॅनल आणि त्याची वीज बेताने बॅटरीत सोडणारा चार्ज कंट्रोलर पाठवला आहे. जोडायचा क्रम चुकवू नका. आधी कंट्रोलरला बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. उलट केलं तर कंट्रोलर जळू शकतो. लाल वायर अधिकला. पॅनल खळ्यात जवळपास आडवंच ठेवा, पाणी ओघळेल इतका उतार पुरे, कारण या दिवसांत आपल्याकडे सूर्य डोक्यावर असतो. एका कोपऱ्यावर झावळीची सावली पडली तरी वीज निम्म्याहून खाली येऊ शकते. चांगल्या उन्हात दिवसाला ६०० ते ७०० वॉट-अवर मिळतील, ढगाळलं तर त्याच्या पाव. त्या रात्री एकच दिवा. बॅटरीत पाणी घालायचं ते डिस्टिल्ड, पावसाचं किंवा फिल्टरचं नाही.

फ्रिज विसरा. बंद दाराने चार तास टिकतो, मग ते एक कपाट आहे. पुसून दार किलकिलं ठेवा, नाहीतर बुरशी धरेल. बाबांचं इन्सुलिन: वापरात असलेलं पेन बाहेर चालतं, साधारण चार आठवडे, पण ३० अंशांच्या आत. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं, आणि पडवीत वाऱ्यावर. दमट हवेत फार गार होत नाही, तरी उन्हाच्या तडाख्यातून वाचतं. बर्फ मिळाला तर पेन त्याला टेकवू नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. फ्रिजशिवाय जास्त साठा टिकणार नाही, म्हणून मुद्दाम दोनच पेनं पाठवली आहेत.

छपरावर ओल्या कौलांवर चढायचं नाही. शेवाळ आणि खाली फुटकं कौल, दोन्ही दिसत नाहीत. गडी चढेल तेव्हा त्याला शिडी छपरावर आडवी टाकू दे, म्हणजे भार दोन-तीन वाशांवर पसरेल. ताडपत्री आढ्यावरून दोन्ही अंगांना उतरली पाहिजे. नुसती भोकावर टाकली तर वरून येणारं पाणी तिच्याखाली शिरतं. कडा लाकडी रिपेला गुंडाळून खिळे मारा, दगड ठेवू नका. नवी कौलं आणायला पाठवाल तेव्हा आपलं एक जुनं कौल बरोबर द्या. कारखान्या-कारखान्याच्या कौलांच्या खाचा वेगळ्या असतात आणि न बसणारं कौल पहिल्या पावसात गळतं. पडवीच्या पत्र्यांना भोकं उंचवट्यावर पाडायची, पन्हाळीत नाही. हुकांखाली वॉशर हवेतच, आणि कडेला हूक दाट, कारण वारा पत्रा कडेपासून उचलतो.

आगरातलं काही तोडण्याआधी फोटो. पॉवर बँक त्यासाठीच आहे. प्रत्येक पडलेल्या झाडावर चुन्याने आकडा घाला आणि वहीत माड, पोफळी, आंबा वेगळे लिहा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतील तेव्हा सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स त्याच वहीत असू द्या. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी आकडे वहीशी ताडून पाहा.

हापूस घाईने तोडायला लावू नका. आंबा मोडला तरी बुंध्यातून फुटतो. माड-पोफळीचा शेंडा गेला की झाड गेलं, त्यांना दुसरा कोंब नसतो. कलंडलेले तरुण माड मात्र मुळं सुकायच्या आत मातीने झाकून टेकू द्या. उन्मळलेल्या आंब्याचा बुंधा कापताना मुळांमागच्या खड्ड्यात कोणी उभं राहू नये. वजन सुटलं की मुळांचा गड्डा उलटा झपकन बसतो. पडलेल्या माडांचे ओंडके पावसाळ्यात कुजत ठेवू नका. गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो आणि वाचलेल्या माडांच्या शेंड्यात शिरतो. फोडून सरपण करा किंवा देऊन टाका. ओंडका उचलण्याआधी काठीने हलवायचा, पायात गमबूट. फुरसं अशा ढिगात बसलेलं असू शकतं.

लाइट आली की लगेच सगळं लावू नका. मेन वर करून फक्त एक दिवा लावा आणि पंधरा मिनिटं बघत बसा. दिवा फारच लख्ख पेटला किंवा मिणमिणला तर न्यूट्रल तुटलेली आहे, मेन लगेच खाली करा आणि १९१२ वर कळवा. अशा वेळी घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर एकदम जातात. मीटरच्या पेटीत पाणी शिरलं असेल तर वायरमनने पाहिल्याशिवाय मेन वर करूच नका.

रेंज आली तर सकाळी ८ ला फोन चालू करून एक एसएमएस पाठवा आणि बंद करा. टेम्पो शुक्रवारी परत निघेल. त्याच्याबरोबर चिठ्ठी द्या: कौलं किती लागतील आणि एक नमुना, ओटीच्या वाशांपैकी किती मोडले, इन्सुलिन किती दिवसांचं उरलंय, आणि आईचं गुडघ्याचं औषध आहे की संपलं.

तुमची,
मनू