शाल-श्रीफळाऐवजी मे महिन्याची मेस द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी आपल्या क्रीडा पानावर एका कॉलेजातल्या सत्काराचा फोटो आला होता. आंतरविद्यापीठ खो-खो खेळून आलेल्या चार मुली, खांद्यावर शाली, हातात नारळ. त्यातली डावीकडून तिसरी माझ्या मेसमध्ये जेवते. त्या रात्री तिनं शाल घडी करून माझ्या हातात दिली, म्हणाली, "काकू, तुम्हाला होईल थंडीत." नारळही देऊन टाकला, तो दुसऱ्या दिवशी चटणीत गेला. मग ताट पुढं ओढत विचारलं, "काका आहेत का? घसाऱ्याचं गणित अडलंय."

तिच्या गुणपत्रिकेवर पहिल्या सत्राच्या लेखांकनासमोर ‘अनुपस्थित’ असं आहे. त्या पेपरच्या दिवशी ती संघासोबत रेल्वेत होती, स्लीपरच्या डब्यात, वरच्या बर्थवर, कोपरावर खरचटलेलं घेऊन. म्हणजे ज्या कामासाठी शाल मिळाली, त्याच कामासाठी पेपर गेला. आपल्या बातमीत एवढंच राहिलं होतं, म्हणून हे पत्र.

माझी रविनगरला मेस आहे, विद्यापीठाच्या मैदानापासून चालत पाच-सात मिनिटांवर. 22 वर्षं झाली. दोन लांब टेबलं, बाकी डबे. मैदान जवळ, त्यामुळं खेळाडू पोट्टे-पोट्टी जास्त. खेळाडू ओळखायला मला ट्रॅकसूट लागत नाही. पोळ्या मोजत नाही आणि वरणाची वाटी तीनदा भरून घेतो, तो कबड्डीवाला. भात नको म्हणतो, हात धुवायला उठतो आणि परत येऊन भात मागतो, तो वजनगटातला पैलवान. आणि खो-खोवाल्या मुली कितीही दमल्या तरी बाकावर नीट टेकून बसत नाहीत, टोकावर बसतात, जणू आता कोणी मागून खो देणार.

तिच्या पेपरचं काय झालं ते सांगते, कारण दरवर्षी दोघा-तिघांचं असंच होतं. तिचं कॉलेज स्वायत्त, परीक्षा कॉलेजचीच. हिवाळी परीक्षा आणि खो-खोची स्पर्धा एकाच आठवड्यात आली. खेळाच्या सरांनी पत्र दिलं. ते पत्र कार्यालयात गेलं, तिथून परीक्षा विभागात. ती परत आली तेव्हा परीक्षा विभाग म्हणाला, पत्र आमच्याकडे पेपर झाल्यावर पोचलं. कार्यालय म्हणालं, आम्ही तर त्याच दिवशी पाठवलं. सरांनी हात वर केले. कोणी वाईट वागलं नाही, कोणी आवाजही चढवला नाही. शेवटी सांगितलं, "उन्हाळीत बस." आता उन्हाळीला दुसऱ्या सत्राचे सगळे पेपर आणि वर हा एक. शिवाय मधल्या सराव शिबिराचे जे दिवस होते, त्यांची हजेरी दोन विषयांत लागलेलीच नाही. 75 टक्क्यांसाठी ती अजून वही घेऊन फिरते आहे.

कॉलेज कोणतं ते लिहीत नाही. नाव छापून एका कार्यालयाला दोष लागेल आणि बाकीचे सुटतील.

आता मे महिन्याचं. बाहेरच्यांना वाटतं खेळाडूंचा मोसम म्हणजे हिवाळा, उन्हाळ्यात सुट्टी. उलट आहे बाप्पा. पेपर संपले की होस्टेलं बंद होतात आणि खेड्यापाड्यांतली मुलं गावी जातात. राहिलेला विषय, अंगातला दम, दोन्ही तिथं गळतात. माझ्याकडे गोंदिया जिल्ह्यातला एक पोरगा जेवायचा, पाच हजार मीटर पळायचा. मेमध्ये तो आईसोबत तेंदूपत्त्याला जायचा. पहाटे चारला जंगल, दुपारी घरी येऊन पुडे बांधणं, एका पुड्यात 70 पानं. "काकू, धावणं होतंच की जंगलात," असं हसून सांगायचा. जूनमध्ये परत आला की पहिले तीन आठवडे त्याला मैदानाच्या फेऱ्या जड जायच्या आणि पुस्तक तर मार्चमध्ये जिथं दुमडलं होतं तिथंच असायचं. जे नागपुरात थांबतात ते लग्नसराईत केटरिंगला जातात. रात्री दीडला शेवटचा पाहुणा उठतो आणि पहाटे पाचला सराव. हे रोज कसं जमणार?

खरं तर मे महिन्याच्या नागपूरची दुपार अभ्यासाशिवाय दुसऱ्या कुठल्याच कामाची नाही. पारा पंचेचाळीसवर गेला की मैदानावर कुत्रं फिरकत नाही. सकाळी सहाच्या आत सराव उरकावा, संध्याकाळी सहानंतर परत जावं. मधले दहा-बारा तास कूलरसमोर बसून काढायचे असतात. फक्त कूलर पाहिजे, टेबल पाहिजे, समजावून सांगणारं माणूस पाहिजे आणि दोन वेळचं जेवण पाहिजे. मी मागते आहे ते एवढंच.

माझा स्वतःचा याच्याशी काय संबंध, असं कोणी विचारील. 1986 साली मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि रेशीमबागेच्या मैदानावर खो-खो खेळत होते. खांबावर सूर मारण्यात माझा हात धरणारी आमच्या संघात कोणी नव्हती, हे सांगायला आज लाज वाटत नाही. अकाउंटला बसले नाही, मग बसले तर नापास झाले. वडील म्हणाले, आता पुरे. दोन वर्षांनी लग्न झालं. तो विषय अजून राहिलेलाच आहे आणि गंमत अशी, की नवरा मिळाला तो लेखा विभागातला.

आमचे हे निवृत्त झाल्यापासून रात्री साडेनऊला टेबल पुसलं, की त्याच टेबलावर नावे-जमा शिकवतात. मंगळवारी त्या खो-खोवालीला घसारा, म्हणजे वापरानं वस्तूची किंमत दरवर्षी किती घटते ते, शिकवताना त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि आमच्या कणीक मळायच्या मशीनकडं बोट केलं. "ही 28,000 ला घेतली. दरसाल 10 टक्के घसारा. पहिल्या वर्षी किती?" ती म्हणाली, "2,800." "मग किती उरले?" "25,200." "दुसऱ्या वर्षी?" ती म्हणाली, "2,800." हे म्हणाले, "नाही. आता 25,200 वर काढ." तिनं बोटानं टेबलावरच्या ओल्या डागात आकडे लिहिले, 2,520, मग 22,680. थोडा वेळ मशीनकडं बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे जितकी जुनी, तितकी कमी झिजते?" हे म्हणाले, "वहीत. खरी ती तुझ्या काकूला विचार." घटत्या शिल्लकेची पद्धत तिला वर्गात दोनदा शिकवली होती म्हणे. त्यातल्या एकदा ती शिबिरात होती आणि एकदा झोपेत.

माझ्या मेसमध्ये चार वर्षं जेवलेला एक मुलगा सध्या अमेरिकेत एम.एस. करतो. तिथल्या विद्यापीठात तो खेळाडूंना संख्याशास्त्र शिकवतो आणि त्याचे तासावर पैसे मिळतात. पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, कोणा श्रीमंताच्या पोराची शिकवणी असेल. तर तसं नाही. तिथल्या कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए नावाच्या संस्थेचा नियमच आहे, की पहिल्या श्रेणीच्या प्रत्येक विद्यापीठानं खेळाडूंना अभ्यासाचं मार्गदर्शन आणि शिकवणी उपलब्ध करून द्यायची. मोसम चालू असताना सराव आठवड्याला 20 तासांच्या वर घ्यायचा नाही, एक दिवस सुट्टी द्यायची. पदवीचा 40 टक्के भाग दुसऱ्या वर्षाअखेर, 60 टक्के तिसऱ्या आणि 80 टक्के चौथ्या वर्षाअखेर पूर्ण झाला नाही तर खेळायलाच मिळत नाही. आणि उन्हाळ्यात विद्यापीठ वर्ग चालवतं. मागे पडलेला खेळाडू त्या वर्गांना बसतो, त्याच्या फीला आणि राहण्याजेवणाला शिष्यवृत्ती देता येते. "काकू, त्यांचा मे महिना वाया जात नाही," असं तो म्हणाला, तेव्हा मला गोंदियाचा पोरगा आठवला.

तिथलं सगळं सोनं आहे असं मी म्हणत नाही. तिथं कॉलेजचा फुटबॉल म्हणजे अब्जावधींचा धंदा आहे, आपल्याकडे खो-खोचं तिकीट कोण काढतं? आणि लबाडी तिथंही झाली. नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठात 18 वर्षं नावापुरते वर्ग चालले होते, तास नाहीत, शिक्षक नाही, शेवटी एक निबंध द्यायचा आणि चांगली श्रेणी घ्यायची. 3,000 हून जास्त विद्यार्थ्यांनी ते घेतले, त्यात जवळजवळ निम्मे खेळाडू. 2014 च्या चौकशी अहवालात ते सगळं बाहेर आलं. म्हणून मी सवलतीचे गुण मागत नाही. दहावी-बारावीला बोर्ड ते देतं, ठीक आहे. कॉलेजात गुण नकोत, शिकवा. नव्या शैक्षणिक धोरणात खेळालाही श्रेयांक (क्रेडिट) आहेत, चांगलं आहे, पण लेखांकनाचे श्रेयांक खो-खोनं भरून निघत नाहीत.

कोणी म्हणेल, सरकार खेळाडूंना देतं की पैसे. देतं. दिव्या देशमुखनं जुलै 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा आम्ही मेसमध्ये शिरा केला होता, आणि राज्य सरकारनं तिला 3 कोटी दिले ते योग्यच केलं. ओजस देवतळे 2023 मध्ये तिरंदाजीत जगज्जेता झाला, पुढं आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णं आणली, तोही आपल्याच नागपूरचा. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला 6.28 लाख खर्च होतो, त्यातले महिन्याला 10,000 हातखर्चाला. पण ही वरची पायरी झाली. माझ्या टेबलावर बसतात ते तिच्या खालचे. विद्यापीठाच्या संघात खेळून त्याचा कलर कोट मिळालेले, एखादवेळी राज्याला जाऊन आलेले, ज्यांचं नाव पेपरात एकदा येतं, तेही चौघांत. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे ते यांनाच उपयोगी पडायचं. पण पदवीच्या पदाला पदवी लागते. एका विषयानं पदवी अडली की खेळाचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतं.

खर्चाचा हिशेब मी मेसवाली आहे म्हणून करून ठेवला आहे. माझ्याकडे दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला 3,200. खेळाडूचं सकाळचं दूध, केळी, भिजवलेले चणे, दोन अंडी धरली तर 4,500. दीड महिन्याचे 6,750. निवृत्त शिक्षकाला तासाला 300 द्या, रोज दोन तास, 40 दिवस, झाले 24,000. वीस मुलांत वाटले तर डोई 1,200. राहिलेल्या विषयाचा परीक्षा अर्ज आणि गावाहून यायचं भाडं धरूनही एका खेळाडूमागे 10,000 लागणार नाहीत. वीस जणांचे 2 लाख. होस्टेलच्या खोल्या तर बांधलेल्याच आहेत, मेमध्ये तिथं कबुतरं राहतात. आपल्या शहरातल्या एका सत्कार समारंभाचा मांडव, साउंड, स्मृतिचिन्हं आणि पाहुण्यांचे बुके यांचा खर्च कोणी मला दाखवावा, मी दोन्ही वह्या शेजारी ठेवते.

हे पैसे ‘उन्हाळी शिष्यवृत्ती’ म्हणून द्यावेत. मुलाच्या खात्यात रोख टाकले तर ते घरी जातील, आणि जावेतच, घरी गरज असते. म्हणून थेट खोली, मेस आणि शिक्षक. ज्याचा विषय राहिला आहे त्याला आधी, ज्यानं पदक आणलं त्याला नंतर. हा क्रम लोकांना उलटा वाटेल, पण पदकवाल्याला विचारणारे पुष्कळ असतात. आणि प्रत्येक कॉलेजात एक माणूस असा असावा, ज्याच्याकडे स्पर्धांचं आणि परीक्षेचं अशी दोन्ही वेळापत्रकं असतील. विद्यापीठांची खेलो इंडिया स्पर्धा 2023 मध्ये उत्तर प्रदेशात 25 मे ते 3 जून झाली, पुढची 2024 च्या फेब्रुवारीत ईशान्येकडे, त्यानंतरची 2025 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात राजस्थानात. दर वेळी महिना बदलतो. खेळाच्या सरांनी तरी कुठं कुठं पळावं, त्यांना मैदानावरचा चुनाही स्वतःच आखावा लागतो.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 हरवलं, तो सामना आम्ही मेसमध्ये एका मोबाइलवर बघितला. चौदा जणी आणि एक मोबाइल. कर्णधार महाराष्ट्राची होती म्हणून त्या रात्री कोणी पोळ्या मोजल्या नाहीत, आमच्या ह्यांनीसुद्धा नाही.

यंदा 1 मेपासून माझी दोन्ही टेबलं दुपारी 1 ते 4 रिकामी ठेवणार आहे. कूलरला नवी वाळ्याची ताटी लावून घेतली आहे. बारा जण आरामात बसतात, दाटीवाटीनं सोळा. कॉमर्सचं आमचे हे बघतील. इंग्रजी आणि संख्याशास्त्राला माणूस नाही. रविनगर, गोकुळपेठ, धरमपेठकडे कोणी निवृत्त शिक्षक-शिक्षिका असतील तर त्यांनी मेसचा पत्ता आपल्या कार्यालयातून घ्यावा, मी तिथं देऊन ठेवला आहे. मानधन आत्ता देता येणार नाही. पण जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही, आणि तिखट कमी पाहिजे असेल तर आधी सांगावं.

आपली,
रविनगरची एक मेसवाली, नागपूर

(नाव छापू नये. मुलीचं कॉलेज ओळखू येईल आणि तिची उन्हाळी परीक्षा अजून व्हायची आहे.)