आप्पा, छपराचा ढाळ सहाचाच ठेवतेय

रॉचेस्टर, मिनेसोटा
९ मार्च

तीर्थरूप आप्पांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर मी तोडून बोलले, ते मनाला लागून राहिलंय. तुम्ही काळजीने म्हणालात, "बर्फाच्या गावात घर बांधतेस आणि छप्पर असं बसकं का?" मी नुसतं "परवडत नाही हो" म्हणून फोन आईकडे द्यायला सांगितला. परवडत नाही म्हणजे नेमकं काय, ते तुम्हाला सांगायला हवं होतं. शाकारणीच्या गड्यांची मजुरी, फुटलेली कौलं, नवे रीप, असं सगळं दर वर्षी वहीत मांडणाऱ्या माणसाला मोघम उत्तर देणं बरोबर नव्हतं. म्हणून आज हिशेब लिहायला बसलेय. दादाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, आकडे बरेच आहेत.

इथे छपराचा ढाळ अंशांत सांगत नाहीत. आडवं बारा इंच गेल्यावर छप्पर किती इंच चढतं, तो आकडा सांगतात. कंत्राटदाराच्या नकाशात पाचचा ढाळ आहे. मला आपल्या घरासारखं उभट छप्पर हवं होतं, तुमच्या आधी मलाच हवं होतं, म्हणून मी दहाचा भाव काढायला लावला. दहा म्हणजे जवळजवळ चाळीस अंश. भाव आला तो पाचपेक्षा ९,७०० डॉलरने जास्त. रुपये करून बघाल तर आठ लाखांच्या वर जातात.

मला वाटलं, छप्पर वाढलं म्हणून वरचं सामान वाढलं असेल. तसं नाही निघालं. घर ४० फूट बाय ३० फूट आहे, वळचण चहूकडून एकेक फूट. पाचच्या ढाळाने छप्पर १,४५६ चौरस फूट भरतं आणि दहाने १,७५०. म्हणजे ढाळ दुप्पट केला तरी छप्पर वाढलं ते फक्त पाचव्या हिश्श्याने. इथे कौलांऐवजी शिंगल घालतात, डांबराच्या जाड पट्ट्या, वरून बारीक खडी बसवलेल्या. शंभर चौरस फुटाला तीन गठ्ठे लागतात. तेव्हा नऊ गठ्ठे जास्त आणि त्यांच्याखाली ठोकायच्या आठ बाय चार फुटांच्या दहा फळ्या. कापण्यात वाया जाणारं धरून आणि नेहमीच्या मजुरीसकट १,६०० डॉलर. एवढ्यावर भागलं असतं तर मी विचारही न करता हो म्हटलं असतं.

खरा पैसा जिथे जातो ती जागा मला नकाशात दिसलीच नव्हती, कारण आपलं घर चौपाखी, चारही बाजूंना उतार. इथलं दुपाखी आहे, दोनच बाजूंना उतार. दोन्ही टोकांना आढ्यापर्यंत त्रिकोणी भिंत चढवावी लागते. घराची निम्मी रुंदी १५ फूट. पाचच्या ढाळाने आढं सव्वासहा फूट वर जातं, दहाने साडेबारा फूट. छप्पर पाचव्या हिश्श्याने वाढलं, पण हे त्रिकोण थेट दुप्पट झाले. दोन्ही मिळून आधी १८७ चौरस फूट होते, ते ३७५. त्यांना लाकडाचा सांगाडा, त्यावर फळी, त्यावर वारापावसाचा कागद, त्यावर बाहेरची पट्ट्यांची भिंत, आणि हे सगळं मचाण बांधून. त्याचे २,४०० डॉलर. आत राहायची एक इंचही जागा मिळत नाही. चौपाखीचं विचारलं तर त्यात टोकाकडे प्रत्येक कैची, म्हणजे छप्पर पेलणारा लाकडी त्रिकोणी सांगाडा, वेगळ्या उंचीची करावी लागते, म्हणून तेही स्वस्त नाही.

सगळ्यांत मोठा आकडा कैच्यांचाच आहे, ३,८०० डॉलर. आपल्याकडे सुतार अंगणात लाकूड तासून वर चढवायचे. इथे कैच्या कारखान्यात जोडून ट्रकवरून येतात. साडेबारा फूट उंचीची कैची रस्त्यावरून आणणं अवघड, म्हणून ती दोन तुकड्यांत करतात: खाली माथा सपाट असलेली मोठी कैची आणि तिच्या डोक्यावर बसवायचा लहान त्रिकोण. म्हणजे क्रेनने प्रत्येक कैची दोनदा उचलायची. शिवाय आतली लाकडं लांब झाली की मधे वाकू नयेत म्हणून त्यांना आडवे आधार मारावे लागतात.

उरलेले १,९०० डॉलर निव्वळ उभट छपरावर काम करण्याच्या जादा दराचे. त्यावरून मात्र मला एक सांगायचंय. ऑक्टोबरमध्ये आमच्या मागच्या गल्लीत एका जुन्या घराचं छप्पर बदलत होते. बाराचा ढाळ, म्हणजे पुरते पंचेचाळीस अंश. मी मुलाला शाळेतून आणताना उभी राहून बघत होते. पाचच्या छपरावर ही माणसं अंगणात चालावं तशी चालतात. इथे प्रत्येकाच्या कमरेचा दोर आढ्याला अडकवलेला होता, पायाखाली लोखंडी कोनांवर आडव्या फळ्या ठोकलेल्या. एक जण तीसेक किलोचा गठ्ठा खांद्यावर घेऊन शिडीने वर आला, तो फळीवर ठेवला आणि तो घसरू नये म्हणून गुडघ्याने दाबून धरला. एका हाताने शिंगल सरळ करायची, दुसऱ्या हाताने खिळे मारायचे, आणि एक ओळ झाली की दोर सैल करून पुढे सरकायचं. हात पोहोचतो तेवढ्या ओळी झाल्या की फळ्या काढून पुन्हा वर ठोकायच्या. थंडीचे दिवस, आणि त्याच्या मानेवर घाम होता. मला एकदम आपला शाकारणीचा गडी आठवला, ज्या वर्षी तो पडवीवर घसरला आणि तुम्ही त्याचा हात बांधून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला होतात. त्या दिवसापासून हा जादा दर मला महाग वाटत नाही. त्याच्या जोखमीचे ते पैसे आहेत. मला एवढंच वाटतं, की माझ्या हौसेसाठी कुणाला त्या उंचीवर का चढवावं. आणि ते एकदाच नाही: इथे गारा पडतात, शिंगला झडतात, वीसेक वर्षांनी सगळं उतरवून नवं घालावं लागतं. तेव्हा पुन्हा तोच ढाळ आणि पुन्हा तोच दर.

आता तुमचा मुद्दा, बर्फाचा. तो मी उडवून लावत नाही. उभट छपरावरून पाणी लवकर उतरतं, शिंगला जास्त टिकतात, ढाळ बराच वाढला की बर्फाचं वजनही हिशेबात कमी धरतात. पण इथे घरं गळतात ती बर्फाच्या वजनाने नाही. गेल्या जानेवारीत आमच्या भाड्याच्या घरात खिडकीच्या वरच्या कडेने पाणी ठिबकायला लागलं. बाहेर उणे वीस, आणि आत टप टप! मी रात्रभर खाली पातेलं ठेवलं. सकाळी बाहेर जाऊन बघते तर वळचणीला पागोळ्या गोठून हातभर लांब लटकलेल्या, आणि त्यांच्या मागे छपराच्या कडेला बर्फाचा बांध. घराची ऊब माळ्यातून वर जाते, छपरावरचा बर्फ खालच्या बाजूने वितळतो, पाणी ओघळत वळचणीपर्यंत येतं. वळचणीखाली घर नाही, म्हणून ती गारठलेली. तिथे पाणी पुन्हा गोठतं, त्याचा बांध होतो, मागून येणारं पाणी त्याला अडतं आणि शिंगलांखालून आत शिरतं. त्या घराचा ढाळ आठचा आहे, आप्पा. उभट असून गळलं.

आपल्याकडे गोष्ट वेगळी. कौल कौलावर नुसतं टेकलेलं असतं, फटी असतातच. पाणी त्या फटींतून आत उतरायच्या आधी खाली निघून गेलं पाहिजे, म्हणून आजोबांनी ढाळ एवढा ठेवला. रत्नागिरीच्या पावसात आडवं छप्पर ठेवलं असतं तर माजघरात तळं झालं असतं. इथे शिंगला खिळ्यांनी ठोकलेल्या, त्यांच्याखाली कागद, आणि वळचणीपासून बाहेरच्या भिंतीच्या आत दोन फुटांपर्यंत चिकटणारा जलरोधक पडदा घालावाच लागतो, नियमच आहे. तेव्हा ढाळाने जे काम आपल्याकडे होतं, ते इथे बरंचसं या थरांनी होतं. उरलं ते ऊब अडवायचं काम.

ती अडवतात माळ्यात कागदाच्या लगद्याचा कापसासारखा भुसा भरून. चांगला फूट-सव्वा फूट जाड थर. पण साध्या कैचीत छप्पर भिंतीच्या डोक्यावर येताना इतकं खाली उतरतं, की तिथे तो थर जेमतेम चार-सहा इंच मावतो. नेमकी तीच जागा वळचणीजवळची, जिथे बर्फ वितळायला नको. त्यावर उपाय आहे: कैचीची टाच, म्हणजे भिंतीवर टेकणारं तिचं टोक, उंच करून घ्यायची, म्हणजे भिंतीवरही पूर्ण जाडीचा थर बसतो, आणि त्याच्या वरून वळचणीतून आढ्यापर्यंत गार हवा खेळत राहते. उंच टाच आणि जास्तीचा भुसा मिळून २,१०० डॉलर.

म्हणून मी ठरवलंय ते असं. ढाळ पाचऐवजी सहाचा. आढं साडेसात फुटांवर येतं, कैची एका तुकड्यात राहते, छपरवाला अजून नेहमीच्या दराने चढतो. त्याचे ९०० जास्त. त्यावर उंच टाचेचे २,१००. एकूण ३,०००. दहाच्या ढाळाच्या मानाने ६,७०० वाचतात. ते मी खिडक्यांना लावणार आहे, कारण इथे जमीन साडेतीन फूट खोलपर्यंत गोठते असं धरून पाया खणतात. अशा थंडीत खिडकीची काच दुहेरी की तिहेरी हा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे. यांनाही हे पटलंय.

माळ्याची हळहळ मात्र मला आहे. फणसाचे गरे वाळत घातलेले, आमसुलांचा वास, पावसाचा कौलांवरचा आवाज, आणि आजीने "खाली ये गं" म्हणेपर्यंत तिथे पडून वाचलेली पुस्तकं. माझ्या मुलाला तसा माळा द्यावा असं फार वाटत होतं. त्यासाठी मधे खोली सोडणारी वेगळी कैची घ्यावी लागते, वर जिना, उजेडाला खिडकी, तिथेही ऊब अडवायची सोय. तो खर्च या ९,७०० मध्ये धरलेलाच नाही. आणि माळा वापरायचा नसेल तर उंच छप्पर म्हणजे आत नुसता काळोख.

पण एक जागा मी राखून ठेवलीय, आणि तिथे तुमची मदत हवी. पुढच्या दारावर आठ फूट बाय सहा फुटांची लहानशी ओटी काढतोय, तिला स्वतःचं दुपाखी छप्पर. एवढ्याशा छपराला ढाळ वाढवला तरी खर्च फारसा चढत नाही, शिडीवरून काम होतं. आणि मुख्य छपरावरून घसरणारा बर्फ दाराच्या दोन्ही बाजूंना पडेल, दारात पडणार नाही. त्या ओटीला मला आपल्या घराचा ढाळ द्यायचाय. तेवढाच, कमी नाही की जास्त नाही.

तर दादाला माळ्यावर चढवा, तुम्ही चढू नका. पुढच्या पाख्याचा मधला वासा, जिथे सरळ दिसतो तिथे, त्याच्या खालच्या कडेला फूटपट्टीचं टोक टेकवून ती पाणसळीने आडवी धरायची. पट्टीवर बारा इंचांची खूण येते तिथून ओळंबा सोडल्यासारखं सरळ वर वाशाच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं. दोन-तीन वाशांवर करा, जुनी लाकडं वाकली असतील. आकडा आला की फोटोसह पाठवा, २५ तारखेच्या आत, कारण त्या दिवशी कैच्यांचा नकाशा कारखान्याला जातो.

आईला सांगा, कुळथाचं पीठ पोहोचलं, पिशवी फुटली नाही. गुडघ्याचं तेल रोज लावतेय की नाही ते तिच्याकडूनच विचारून कळवा. दादा-वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुमची,
माई